दुसरा मसुदा

चौकशीने टेबलाचा खालचा खण तिसऱ्यांदा ओढून पाहिला. खण जागचा हलला नाही. वरचे दोन निमूट उघडत होते. एकात टाचण्या आणि दोऱ्याचं रीळ, दुसऱ्यात कोरे कागद. मग खालच्यालाच कुलूप का, आणि तेही असं नवंकोरं?

"किल्ली हवीय का?" समोरून लघुलेखकांनी विचारलं. त्यांची बोटं टाइप करायची थांबली नव्हती, मानही वर झाली नव्हती.

"नाही, सहज बघत होते."

"तीनदा सहज," लघुलेखक म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले.

तिचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटावर होतं. घरात तिला सगळे चौकशीच म्हणत. चार वर्षांची असताना तिने फुगेवाल्याला आत कुठली हवा भरलीय ते विचारलं होतं, आणि पटेल असं उत्तर मिळेपर्यंत फुगा हातात घेतला नव्हता. वकिलीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन झाली तरी स्वभाव काही बदलला नव्हता. फक्त आता त्याला लोक हुशारी म्हणायला लागले होते.

न्यायाधीशांकडे वर्षभरासाठी लॉ क्लर्क म्हणून काम करायचं की नाही, हे तिला ठरवायचं होतं. न्यायाधीशांची रीत अशी, की आधी पंधरा दिवस उमेदवाराने यायचं. "पंधरा दिवस तुम्ही मला बघा, मी तुम्हाला बघतो," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "पंधराव्या दिवशी दोघांनी आपापलं सांगायचं." रुजू व्हायचा फॉर्म त्यांनी तेव्हाच तिला भरून आणायला दिला होता. पंधरावा दिवस शुक्रवारी येत होता. त्याच शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत तिला आणखी एका ठिकाणी उत्तर द्यायचं होतं. चौकातल्या काचेच्या इमारतीत एका मोठ्या वकिली कंपनीचं कार्यालय होतं आणि तिथे तिची जागा धरून ठेवलेली होती. शुक्रवारनंतर ती दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. हे तिने न्यायाधीशांनाही सांगून ठेवलं होतं.

म्हणजे तिला काय ते पंधरा दिवसांत हुडकून काढायचं होतं. आणि हुडकायला इथे पुष्कळ होतं.

पहिली गोष्ट म्हणजे मसुदे. न्यायाधीश प्रत्येक अपिलात तिच्याकडून एक नाही, दोन निकाल लिहून घेत. एकात अपील मंजूर, दुसऱ्यात नामंजूर. "दोन्ही पुरते लिहायचे," त्यांनी बजावलं होतं. "दोन्ही असे, की खाली सही केली तर चालून जाईल. आणि अक्षर मोठं." मोठं म्हणजे किती, तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखांएवढं. दहा पानांचा मसुदा त्यामुळे तीस पानांचा होई. दोन्ही मसुदे आतल्या खोलीत जात. त्यातला एक पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत येई, आणि लघुलेखक तो टाइप करायला घेत. दुसरा मसुदा ते उचलत, तिच्या टेबलाशी वाकत, खालचा खण उघडत, आत ठेवत आणि पुन्हा कुलूप लावत. का ठेवतात, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तिने एकदा विचारलं, तर म्हणाले, "साहेबांची पद्धत आहे."

दुसरी गोष्ट, चार वाजताचा माणूस. रोज चारच्या ठोक्याला सपाट काळी बॅग घेऊन एक किडकिडीत माणूस येई. दारावरचा शिपाई त्याला काही न विचारता आत सोडी. आतल्या खोलीचा पडदा ओढला जाई, दार लोटलं जाई. वीस मिनिटांनी तो बाहेर पडे, कुणाकडे न बघता. त्यानंतर तासभर न्यायाधीश कुणालाच आत बोलवत नसत. एकदा ती सही घ्यायच्या निमित्ताने दारापर्यंत गेली. लघुलेखकांनी नुसती मान हलवली आणि ती परत फिरली.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

मामाने त्या पालीला चांगलं खाऊपिऊ घातलं. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. तीस वर्षं खालच्या कोर्टात वकिली केलेला, शेजारच्याच घरात राहणारा, आणि संध्याकाळचा चहा बहिणीकडेच प्यायचा असं व्रत घेतलेला. दोन मसुद्यांचं ऐकल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"दोन्ही निकाल तयार?"

"हो. पूर्ण तयार. नुसती सही बाकी."

"हे म्हणजे दुकानात दोन्ही मापाचे बूट काढून ठेवल्यासारखं झालं," मामा म्हणाला. "गिऱ्हाईक येईल तसा जोड पुढे करायचा. आणि गिऱ्हाईक येतं चार वाजता. काळी बॅग घेऊन."

"मामा, तू उगाच काहीतरी बोलू नकोस."

"मी कुठे काय बोलतोय? मी फक्त विचारतोय. तूच विचार ना, तुझं नावच आहे."

आई भाजी निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "दादा, तिला तिचं ठरवू दे."

"ठरवू दे की. मी एवढंच म्हणतो, वर्षभर दुसऱ्याच्या सहीसाठी कागद काळे करून हिला मिळणार काय? क्लर्कच्या हातात काय असतं? कागद. निकाल लावणारा वेगळा, लावून घेणारा वेगळा. ही आपली मधल्यामध्ये, मोठ्या अक्षरात." मामाने उरलेला चहा संपवला. "त्या काचेच्या इमारतीत निदान सगळं आरपार तरी दिसतं."

चौकशी हसली नाही. मामाचं बोलणं तिला आवडलं नव्हतं. पण तेच बोलणं गेले आठ दिवस तिच्या स्वतःच्या डोक्यात चाललेलं होतं, आणि तिला जास्त झोंबलं ते हे.

दुसऱ्या आठवड्यात बसचालकाचं अपील, युक्तिवाद ऐकून झालेलं, मसुद्यांसाठी तिच्याकडे आलं.

बावीस वर्षं बस चालवलेला माणूस. एका सकाळी आगाराच्या उतारावर उभी केलेली त्याची बस आपोआप मागे घरंगळली आणि एका मेकॅनिकचा पाय मोडला. तपासणीच्या वहीत 'ब्रेक पाहिले' या रकान्यापुढे चालकाची सही होती. ब्रेक त्याने पाहिलेच नव्हते. बससेवेने त्याला बडतर्फ केलं. त्याचं म्हणणं असं, की अर्ध्या तासात वीस बस बाहेर पडतात, तपासायला वेळ कुणाला असतो? सगळेच नुसती सही करतात. बावीस वर्षांत त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि आता एकदम घरी बसवलं. त्याच्या वकिलांनी सगळा भर याच मुद्द्यावर दिला होता. एकदाही समज न देता थेट नोकरी घेणं हा कुठला न्याय?

चालक रोज येत असे. तारीख असो नसो, बाहेरच्या बाकावर बायकोला घेऊन बसायचा. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यावर कापडी पिशवी. चौकशी दिसली की उठून उभा राहायचा. "ताई, आमचं कधी?" एवढंच विचारायचा. ती "लवकरच" म्हणायची आणि तिला स्वतःचाच राग यायचा.

सोमवारी तिने त्याची फाईल अथपासून इतिपर्यंत वाचली. एकेचाळिसाव्या पानाशी ती थांबली.

ते पान बससेवेच्या वकिलांनी जोडलेल्या सत्तरेक कागदांच्या गठ्ठ्यात होतं. युक्तिवादात त्याचा उल्लेखही झाला नव्हता. ते वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात पळायच्या घाईत होते. तीन वर्षांपूर्वीची तारीख. चालकाचं हस्ताक्षर. 'ब्रेक न तपासता सही केल्याबद्दल मला आज साहेबांनी समज दिली आहे. पुन्हा असे होणार नाही.' खाली सही, तपासणीच्या वहीतल्या सहीसारखीच, शेवटचं अक्षर खाली लोंबणारी.

तिने पान उलटलं. मग परत मागे आली. बाहेर बाकावर चालकाची बायको पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात देत होती.

चालक जिंकतो तो मसुदा तिने एका बैठकीत लिहिला. हात थांबतच नव्हता. एका ठिकाणी तिने लिहिलं, 'अपीलकर्त्याच्या सेवापुस्तकात बावीस वर्षांत एकाही शिक्षेची नोंद नाही.' शब्दाला शब्द खरा होता. समज म्हणजे काही शिक्षा नव्हे, आणि ती सेवापुस्तकात चढलेलीही नव्हती. दुसरा मसुदा, चालक हरतो तो, लिहायला तिला दीड दिवस लागला. त्यात वहीतली खोटी सही होती, मेकॅनिकचा पाय होता, नियमांचे आकडे होते. एकेचाळिसावं पान नव्हतं.

तिने स्वतःला समजावलं, की आपण नुसता खडा टाकून बघतोय. दुसरा मसुदा लुळा ठेवायचा. एवढ्या लुळ्या मसुद्यावर सही करून न्यायाधीशांनी चालकाला हरवलं, तर दोर बाहेरून कुणीतरी ओढतंय हे सिद्ध झालं. मग फॉर्म फाडायचा आणि काचेच्या इमारतीत जायचं. पुराव्याशिवाय कुणाला दोषी धरू नये, हे तर कायदाच सांगतो.

पटण्यासारखं होतं. तिला लगेच पटलं, आणि एवढ्या लगेच काही पटायची तिला सवय नव्हती.

बुधवारी दोन्ही मसुदे आत गेले. गुरुवारी चार वाजता काळी बॅग आत गेली आणि नेहमीसारखी बाहेर आली.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता न्यायाधीशांनी तिला आत बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते. टेबलावर दोन्ही मसुदे शेजारीशेजारी होते.

"बसा. चालक परत कामावर जाईल," ते म्हणाले. "अकराला निकाल सांगतो."

म्हणजे कुणी दोर ओढत नव्हतं. मामा, काळी बॅग, बुटांचे जोड, सगळं हवेत विरलं. तिला इतका आनंद झाला, की तिने पिशवीतला फॉर्म चाचपून पाहिला.

"दुसरा मसुदा मी दोनदा वाचला," न्यायाधीश सांगत होते. "तो मला अडवू शकला नाही. एकदाही समज न देता बावीस वर्षांचा माणूस काढला, हे मला सलत होतं. समज दिली असेल तर दुसऱ्या मसुद्यात ती येईल, म्हणून बघत होतो. तुम्हाला सापडली नाही, म्हणजे नसणार." त्यांनी एक मसुदा तिच्याकडे सरकवला. "हा त्यांना टाइप करायला द्या. तुमचा फॉर्म आणलाय का?"

"आणलाय."

"निकाल झाल्यावर बोलू मग."

ती बाहेर आली. लघुलेखकांनी मसुदा घेतला, दुसरा आतून आणला, आणि तिच्या टेबलाशी वाकून खण उघडला. आज त्यांनी खण पुरता ओढला. आत काठोकाठ मसुदे होते, प्रत्येकाला दोरा बांधलेला.

"हे ठेवता कशाला?" तिने विचारलं.

या वेळी लघुलेखकांनी उत्तर दिलं. बहुधा फॉर्म आणलाय हे त्यांनी ऐकलं असावं. "सही करायच्या आधी साहेब हरणाऱ्या बाजूचा मसुदा शेवटचा वाचतात. त्यात अडकले तर सही करत नाहीत, पुन्हा ऐकतात. सात वर्षांत अकरा वेळा अडकलेत. वरच्या कोर्टात प्रकरण गेलं आणि निकाल उलटला, की हे काढून परत वाचतात. आपलं कुठे चुकलं ते बघायला."

"आणि ते चार वाजता येतात ते?"

"ते होय? डोळ्यांच्या दवाखान्यातले. औषध घालून जातात." लघुलेखकांनी आवाज खाली आणला. "सुट्टीत साहेबांचं ऑपरेशन आहे. तोवर कॅलेंडरएवढं अक्षर असेल तरच दिसतं. आता कुणाला कशाला सांगायचं, पक्षकार उगाच घाबरतात."

"मग फाईल?"

"फाईल तुम्ही वाचायची," लघुलेखक म्हणाले. "तुमच्या आधी होता तो वाचायचा. एकच बाजू लिहायला सांगितली, तर माणूस आपल्याला हवं तेवढंच वाचतो. दोन्ही लिहायच्या म्हटल्यावर सगळं वाचावं लागतं. साहेब म्हणतात, माझे डोळे गेले तरी चालतील, दुसरा मसुदा नीट पाहिजे."

त्यांनी खणाला कुलूप लावलं आणि ते आपल्या खुर्चीवर जाऊन टाइप करायला बसले.

भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते. चौकशी फाईल समोर घेऊन बसली. दाराच्या फटीतून बाक दिसत होता. चालकाने आज नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. बायको त्याची कॉलर सारखी करत होती. वीस मिनिटं गप्प बसलं, की त्या माणसाची नोकरी परत. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. त्या वकिलांनाही ते पान आठवत नव्हतं.

पंधरा दिवस ती शोधत होती, की या खोलीत निकाल फिरवणारं कोण आहे.

तिने एकेचाळिसाव्या पानात कागदाची पट्टी घातली आणि ती उठली. लघुलेखकांची बोटं पहिल्यांदाच थांबलेली तिने पाहिली.

"साहेब, समज दिली होती," ती दारातूनच म्हणाली.

न्यायाधीशांनी हात पुढे केला, फाईल घेतली, डोळ्यांजवळ नेली, दूर नेली, आणि परत तिच्याकडे दिली. "वाचा."

तिने वाचून दाखवलं. दोनच ओळी होत्या.

"कधी पाहिलंत?"

"सोमवारी."

"लिहिताना नजरेतून सुटलं?"

खोटं बोलायला याहून सोपी वाट कुणी कुणाला दिली नसेल.

"नाही," ती म्हणाली. "सोडलं."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि लाल डोळे मिटून घेतले. ते रागावतील म्हणून ती वाट पाहत राहिली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा भ्यायल्यासारखा झाला होता. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तसा.

"मी सही करणार होतो," ते म्हणाले. मग त्यांनी लघुलेखकांना हाक मारली. "आजच्या यादीतून हे काढा. दोन्ही वकिलांना कळवा, एकेचाळिसाव्या पानावर पुन्हा ऐकायचंय." लघुलेखक गेल्यावर ते तिच्याकडे वळले. "तो हरावा असं तुम्हाला वाटतं?"

"नाही."

"मग दुसरा मसुदा नव्याने तुम्हीच लिहा. सोमवारी आणा."

"फॉर्म..."

"सोमवारी. मसुदा वाचतो, मग दोघं आपापलं सांगू. ठेवीन असं आज मी म्हणत नाही." त्यांनी चष्मा परत घातला. "तुम्हाला दुसरीकडेही आज उत्तर द्यायचंय ना?"

"हो. पाचपर्यंत."

"मग बघा," न्यायाधीश म्हणाले.

ती बाहेर पडली तेव्हा अकराला पाच मिनिटं होती. चालक उठून उभा राहिला. त्याच्या पाठोपाठ बायकोही उठली.

"ताई, अकरालाच ना?"

"आज नाही होणार," चौकशी म्हणाली. "पुन्हा ऐकणार आहेत. तारीख कळवतील."

चालक हळूच बाकावर बसला आणि पिशवी परत गुडघ्यावर घेतली.

"आमचे वकील तर म्हणाले होते, झाल्यात जमा आहे," तो म्हणाला. "एका रात्रीत काय झालं?"

"कुणीतरी फिरवलं," बायको म्हणाली. "मी म्हणत नव्हते? त्या काळ्या बॅगवाल्याला बघून मी तेव्हाच म्हटलं होतं."

"ताई, तुम्ही आत असता," चालकाने खालूनच वर बघत विचारलं. त्याच्या डोळ्यांतली नजर तिच्या चांगल्या ओळखीची होती. "तुम्हाला माहीत असेल. कुणाचा हात आहे यात?"

चौकशीने फाईल छातीशी धरली होती. पट्टीचं टोक बाहेर आलं होतं, ते तिने अंगठ्याने आत ढकललं.

"बाहेरच्या कुणाचा नाही," ती म्हणाली.

चालकाने मान हलवली. ज्याला असंच सांगणं भाग आहे अशा माणसापुढे हलवतात तशी. "असू द्या. तुम्हाला नाही सांगता येणार. तुमच्यावर राग नाही, ताई." तो बायकोचा आधार घेऊन उठला. "तुम्ही काय, लिहिणारं माणूस. तुमच्या हातात काय असतं?"

दोघं जिन्याकडे गेली. चौकशी आत येऊन टेबलाशी बसली. लघुलेखकांनी खालच्या खणाची किल्ली तिच्यासमोर ठेवली. तिने खण उघडला, वरचा मसुदा काढला आणि त्याचा दोरा सोडला. मग कोरा कागद पुढे ओढून ती मोठ्या अक्षरात पहिल्यापासून लिहायला लागली. पाच वाजून गेले ते तिच्या लक्षात आलं नाही.